तक्रारसाहेबांचा रात्रभराचा नाश्ता

गुरुवारी संध्याकाळी मुलीचा फोन आला आणि शुक्रवारी सकाळी तक्रारसाहेबांनी स्लो कुकरमधले कांदे बाहेर काढले. मधे एक आख्खी रात्र गेली, पण त्या रात्रीत नवरा-बायकोचं जे बोलणं झालं ते चिमटीत मावेल एवढंच. बायकोनं विचारलं, कायमची येतेय का. तक्रारसाहेब म्हणाले, राहायला येते एवढंच म्हणाली. मग बायको भिंतीकडे तोंड करून झोपली, म्हणजे झोपली नाहीच. आणि तक्रारसाहेब छताकडे तोंड करून, तेही तसेच.

तक्रारसाहेब हे नाव इमारतीनं दिलेलं. ते वीज कंपनीच्या तक्रार विभागात हेडक्लार्क होते, आणि दिवे गेले की शेजारी त्यांच्याकडे अशा नजरेनं बघत, जणू या माणसानं वीज घरी आणून कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकल्यामुळे असेल, स्वतःची तक्रार कशी करायची असते हे ते विसरून गेले होते. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, रात्रीच्या बसनं शनिवारी सकाळी येते. राहायला. स्टँडवर येऊ नका, मी येईन माझी." यावर त्यांनी काय म्हणावं? ते म्हणाले, "बरं."

आता अशा वेळी बापानं काय करायचं असतं, हे कुठल्याच नियमावलीत लिहिलेलं नाही. काही बाप जावयाला फोन करून खडसावतात. काही वकील गाठतात. तक्रारसाहेबांचा आवाज चढत नसे आणि काळा कोट दिसला की ते रस्ता ओलांडून पलीकडे जात. स्टँडवर जायची मनाई झालेली. उरला नाश्ता.

मुलगी प्रवासात काही खात नसे. लहानपणापासून बसमध्ये बसली की ओठ घट्ट मिटायची ते उतरेपर्यंत. म्हणजे येणार ती रात्रभराची उपाशी. आणि ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टबाईंनी कधीतरी जेवणाच्या सुट्टीत सांगितलेलं त्यांना आठवत होतं, की स्लो कुकरमध्ये रात्री ब्रेड, बटाटे, चीज, दूध आणि फेटलेली अंडी एकावर एक घालायची, बटण दाबायचं आणि झोपायचं. सकाळी नाश्ता तयार. तक्रारसाहेबांना यातला चवीचा भाग फारसा कळला नव्हता. त्यांना आवडला तो शेवटचा भाग. मुलगी दारात येईल तेव्हा कोणी ओट्याशी पाठ करून उभं नसेल. दोघंही तिच्यासमोर बसलेली असतील.

स्लो कुकर मुलीनंच पाठवला होता, नोकरी लागल्यावर. पण आपण झोपायचं आणि स्वयंपाक आपला आपण होणार, असल्या गोष्टींवर बायकोचा विश्वास नव्हता. भांडं जड, झाकण घट्ट, तेव्हा त्यात कांदे चांगले राहतात, असा शोध तिनं लावला आणि तेव्हापासून ते कांद्यांचं घर झालं. शुक्रवारी सकाळी कांदे ओट्यावर मांडलेले तिनं पाहिले आणि ती सरळ मुलीच्या खोलीत गेली. त्या खोलीत आता जुनी वर्तमानपत्रं, इस्त्रीचं टेबल आणि व्यायामाची एक सायकल राहत होती. तिच्यावर व्यायाम कुणी केला नव्हता, ओले टॉवेल मात्र नेमानं वाळत. बायको एकेक वस्तू बाहेर काढू लागली. थोड्या वेळानं वस्तू बाहेर यायच्या थांबल्या. तक्रारसाहेबांनी डोकावलं, तर ती रिकाम्या पलंगावर बसून उशीचा अभ्रा उलटा घालत होती.

दुसरा कोणी असता तर गुपचूप बटण दाबून मोकळा झाला असता. पण तक्रारसाहेब नियमाचे. इमारतीत असा नियम होता, की विजेवर चालणारी कुठलीही वस्तू रात्रभर चालू ठेवायची तर सेक्रेटरींची परवानगी हवी, आणि वरच्या व समोरच्या घराची हरकत नसल्याची सही. हा नियम सभेत खुद्द तक्रारसाहेबांनीच मांडला होता, तोही टाळ्या घेऊन. माणसानं खड्डा खणताना निदान आपल्या मापाचा तरी खणू नये.

सेक्रेटरी म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर. प्रत्येक गोष्ट ते तोलून बघायचे, शब्दसुद्धा. ऑफिसला जाता जाता तक्रारसाहेब त्यांच्या दारात उभे राहिले.

"कारण?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नाश्ता."

"रात्री?"

"सकाळचा. रात्री लावायचा."

सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर चढवला. एका नाश्त्यासाठी रात्रभर वीज, म्हणजे कोणी मोठं माणूस येत असणार, असा त्यांचा कयास. तक्रारसाहेबांनी सांगितलं, मुलगी येतेय. आणि जावईबापू? तक्रारसाहेबांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. ते म्हणाले, त्यांना कामं असतात हो. हे खोटं नव्हतं. कामं कोणाला नसतात? पण खरं बोलण्याची जी एक जागा असते, ती तेवढ्यात मागे पडली, आणि बसमधून आपला स्टॉप मागे पडलेला दिसावा तशी ती त्यांना दिसली.

संध्याकाळी सह्या. समोरच्या घरात रसायनशास्त्राचे प्राध्यापक राहत. सही मागितली की आधी व्याख्यान, हा त्यांचा शिरस्ता. अंड्यातलं प्रथिन कसं घट्ट होतं, दूध जास्त झालं तर ते कसं सुटतं, आणि ब्रेड ताजा वापरणं हा कसा शुद्ध अडाणीपणा आहे, हे सगळं त्यांनी दारातच समजावलं. ब्रेड शिळाच हवा. तक्रारसाहेबांच्या पिशवीत नुकताच भट्टीतून आलेला, वाफ सोडणारा ब्रेड होता. त्यांनी पिशवी पाठीमागे धरली. प्राध्यापकांनी सही केली आणि सकाळी आपण थर्मामीटर घेऊन येतो, आतलं तापमान बघितल्याशिवाय कोणी तोंडात घास घालायचा नाही, असं बजावलं.

वरच्या मजल्यावर नर्सबाई. आयुष्य बाळंतपणाच्या वॉर्डात गेलेलं, आणि आता निवृत्त होऊनही कोणतीही बाई जिना हळू चढताना दिसली की त्यांचे डोळे चमकत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मुलगी येतेय. एकटी येतेय. राहायला येतेय. आणि बाप अंडी-दूध घालून रात्रभर मंद आचेवर शिजवतोय. नर्सबाईंनी तक्रारसाहेबांचा हात हातात घेतला.

"पहिलंच ना हे?"

तक्रारसाहेबांना वाटलं, स्वयंपाकाचं विचारताहेत. "हो, पहिलंच," ते म्हणाले. "याआधी कधी जमलं नाही."

"जमतं हो. वेळ यावी लागते."

दिवसभरात आपलं कष्टाचं काम समजून घेणारं हे पहिलंच माणूस भेटलं, असं वाटून तक्रारसाहेब जरा भारावलेच. सही घेऊन ते उतरले. मिरी घालू नका, पोटात आग होईल, असं नर्सबाई वरून सांगत होत्या. तेही त्यांनी मान डोलावून मान्य केलं.

अंडी आणायला ते खाली गेले आणि परत येईपर्यंत इमारतीनं आपलं काम केलं होतं. सेक्रेटरी जिन्यातच उभे होते, आणि ज्या माणसाला कोणी कधी हसताना पाहिलं नव्हतं तो हसत होता. परवानगी दिली आहे, ते म्हणाले, आणि आजोबा होणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं.

तक्रारसाहेब अंड्यांची पुडकी छातीशी धरून उभे राहिले. नर्सबाईंचा प्रश्न आता त्यांना उलगडला, आणि आपलं उत्तरही. नाही म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार, मग का येतेय? त्याचं उत्तर जिन्यात उभं राहून द्यायचं? आजवर त्यांनी शहरभरच्या लोकांना दिवे का गेले याची कारणं दिली होती, झाड पडलं, वायर तुटली, काम चालू आहे. आपल्या मुलीच्या घरातले दिवे कधी आणि का गेले, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

"इतक्यात कोणाला सांगू नका," एवढंच ते म्हणाले. इमारतीत राहिलेल्या कोणालाही कळेल, की हे म्हणजे बातमीवर शिक्का मारण्यासारखंच.

मग स्वयंपाक. ताजा ब्रेड शिळा करण्यासाठी त्यांनी तुकडे करून पंख्याखाली पसरले. पंख्यानं शिळेपणा आणला नाही, तुकडे मात्र घरभर पोचवले. बटाटे सोलताना सालीबरोबर बटाटाही गेला, आणि मोठ्या बटाट्यांचे गोट्यांएवढे बटाटे उरले. अंडी फेटली. एक कवच आत पडलं, ते काढायला गेले तर मासोळीसारखं निसटत राहिलं. शेवटी त्यांनी नाद सोडला. भांडं काठोकाठ भरलं आणि झाकण वर तरंगू लागलं.

बायको दारात येऊन उभी राहिली. हातात झाडू. तिनं भांड्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, नवऱ्याच्या बाहीवरच्या पिवळ्या डागाकडे पाहिलं. या सगळ्यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं आणि एरवी ती बोललीही असती.

"मीठ घातलंत का?" तिनं विचारलं, आणि उत्तर न ऐकताच खोलीकडे वळली.

मीठ राहिलं होतं. तक्रारसाहेबांनी घातलं. बटण दाबलं, लाल दिवा लागला, आणि मग मीठ घातलं की नुसतं घालायचं ठरवलं याबद्दल त्यांच्या मनात शंका आली. म्हणून पुन्हा घातलं.

जेवणं उरकतात न उरकतात तोच लाल दिवा विझला. आधी त्यांना वाटलं कुकर बिघडला. मग खिडकीतून पाहिलं तर गल्लीच काळी. पुढच्याच क्षणी दारावर थापा. सेक्रेटरी, प्राध्यापक आणि जिन्यातून वाकून नर्सबाई. सेक्रेटरींचं म्हणणं, परवानगी एका घराच्या विजेची होती, पुऱ्या वस्तीची नव्हे. एका नाश्त्यानं वस्ती अंधारात जात नाही, हे तक्रारसाहेबांनी जीव तोडून सांगितलं, पण तक्रार विभागाच्या माणसावर विश्वास ठेवायची लोकांना सवय नसते.

त्यांनी आपल्याच ऑफिसला फोन लावला. रात्रपाळीला नवीन मुलगी होती. ती सुरेल आवाजात म्हणाली, आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे, कर्मचारी रवाना झाले आहेत, कृपया सहकार्य करावे. हे वाक्य तक्रारसाहेबांनीच लिहिलं होतं आणि त्याबद्दल वरच्या साहेबांची शाबासकीही मिळवली होती. रवाना झाले म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ते म्हणाले, अगं मी बोलतोय. ती म्हणाली, हो सर, आवाजावरून ओळखलं, पण यापुढे एक शब्द जास्त सांगायचा नाही असं तुम्हीच शिकवलंय. तक्रारसाहेबांनी तिचे आभार मानले. पलीकडच्या टोकाला उभं राहून ते वाक्य ऐकायला कसं लागतं, हे इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

शेजारी पांगले. तक्रारसाहेबांनी झाकणावर हात ठेवला. ऊब होती, पण उतरणीला लागलेली. त्यांनी कपाटातून जुनी दुलई काढून भांड्याला गुंडाळली. बायको मेणबत्ती घेऊन आली आणि समोरच्या खुर्चीत बसली. तान्ह्या पोराला गुंडाळून बसावं तशी ती दोघं त्या भांड्याजवळ बसून राहिली.

"दर रविवारी फोन करायची," बायको म्हणाली. "हसायची."

"हो."

"मी आपली भाज्यांचे भाव सांगत बसायचे."

तक्रारसाहेबांनी दुलई नीट केली. रविवारी फोन त्यांच्या हातात आला, की ते वीज बिल भरलंस का विचारायचे आणि फोन परत द्यायचे. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. बायकोला ठाऊक होतंच. फोन तीच तर परत घ्यायची.

दिवे परत आले तेव्हा पाखरं बोलायला लागली होती. लाल दिवा पुन्हा लागला, त्या वेळी दोघंही खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होती.

सकाळी बेल वाजली. तक्रारसाहेब धावत गेले, तर दारात प्राध्यापक थर्मामीटर घेऊन. त्यांच्यामागे सेक्रेटरी, वस्तू सुरक्षित असल्याची खात्री करायला. आणि नर्सबाई. त्यांच्या हातात पिवळ्या लोकरीची एक टोपी होती, मुठीत मावेल एवढी. दिवे नव्हते म्हणून मेणबत्तीच्या उजेडात विणली, त्या म्हणाल्या. पिवळी यासाठी, की मुलगा असो नाहीतर मुलगी, चालते.

बायकोनं टोपीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. त्या नजरेला जे उत्तर द्यायचं होतं ते तक्रारसाहेबांच्या ओठांपर्यंत आलं, पण तेवढ्यात जिन्यात बॅगांची चाकं आपटल्याचा आवाज आला.

मुलगी वर आली. एका हातात मोठी बॅग, दुसऱ्या हातात त्याहून मोठी, आणि खांद्याला कुंडीतलं एक झाड पिशवीत घातलेलं. ती अंगानं वाळली होती. दारात इतकी माणसं पाहून ती थबकली. कोणी पुढे होण्याआधीच नर्सबाईंनी तिला जवळ घेतलं, जपायचं आता, ओझी उचलायची नाहीत, असं कानाशी सांगितलं आणि टोपी तिच्या हातात ठेवली. सेक्रेटरींनी अभिनंदन केलं. प्राध्यापकांनी कॅल्शियमबद्दल दोन शब्द सांगितले.

मुलीनं टोपी पाहिली. उलटीसुलटी करून पाहिली. मग तिनं बापाकडे पाहिलं, आणि बापाच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण तिला सगळं समजलं. ती हसली.

"किती बारीक वीण आहे, मावशी," ती म्हणाली. "एवढं कशाला केलंत?"

हसू सुरेख होतं. कुठे सुरकुती नाही, थरथर नाही. सेक्रेटरींना खरं वाटलं, प्राध्यापकांना वाटलं, नर्सबाईंनी तर डोळे पुसले. फक्त तक्रारसाहेबांनी ते ओळखलं. हेच हसू घरातल्या भिंतीवरच्या तिच्या लग्नाच्या फोटोत होतं. रविवारच्या फोनमध्येही हेच असणार. त्यांनी ते इतकी वर्षं खरं धरलं होतं. आणि आज ती सगळं सोडून, रात्रभर बसमध्ये बसून आली होती, आणि बापाच्या दारात पाऊल टाकताच तिला पहिलं काम हेच करावं लागत होतं.

"तसं काही नाही," तक्रारसाहेब म्हणाले. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे तो मधेच फाटला. "तुमचा गैरसमज झाला आणि मी तो होऊ दिला. ती नवऱ्याचं घर सोडून आलीय. आता इथंच राहणार आहे."

सेक्रेटरींनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तोललं, आणि मिटलं. प्राध्यापकांनी थर्मामीटर खिशात घातला. मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. निघायचं की थांबायचं हे न कळल्यासारखं जरा वेळ तिथंच राहिलं. मग गेलं, आणि त्याच्याखालचा दमलेला चेहरा दिसला.

नर्सबाई पुढे झाल्या. दंडातली सुई काढावी तितक्या हलक्या हातानं त्यांनी टोपी तिच्या बोटांतून काढून घेतली, आणि तिचा गाल थोपटला. "झोप काढ आधी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी दोन्ही पुरुषांना डोळ्यांनीच जिन्याकडे वळवलं. जाताना सेक्रेटरींनी मोठी बॅग उचलून दाराच्या आत ठेवली. वजनाबद्दल ते काही बोलले नाहीत.

दार लागलं. मुलगी आईच्या गळ्यात पडली नाही, आईही रडली नाही. आईनं झाड पिशवीतून काढून खिडकीत ठेवलं आणि त्याला पाणी घातलं. झाड बिचारं आधीच नको इतकं ओलं होतं.

कुकर उघडला. कडेला करपून भांड्याला धरलेलं, मधे डुचमळणारं, आणि वर बटाट्याच्या गोट्या उघड्या पडलेल्या. रात्रभराच्या कष्टाचं हे फळ तक्रारसाहेब बघत राहिले. बायकोनं मधला भाग तव्यावर ओतला आणि गॅसवर सारखा केला. आणि ओट्याशी पाठ करून कोणी उभं राहणार नाही हा जो सगळ्या खटाटोपाचा मूळ हेतू, तोही तिथंच संपला. मग तवा टेबलावर ठेवून तिघं बसली.

चव सांगण्यात अर्थ नाही. मीठ दोनदा पडलेलं, मिरी एकदाही नाही, आणि तक्रारसाहेबांच्या पहिल्याच घासात अंड्याचं ते कवच कचकन लागलं. मुलगी मात्र खात होती. सावकाश, मान खाली घालून, एकेक घास. आईवडिलांचं आटपत आलं तरी तिचं अर्ध्यावर होतं.

शेवटी आईला राहवलं नाही. विचारायला हजार गोष्टी होत्या. तिनं त्यातली एक निवडली.

"तिथं खायला नीट मिळत होतं ना?"

मुलीनं यावर विचार केला, खरंच केला, जणू असं कोणी विचारेल असं तिला वाटलंच नव्हतं.

"मिळायचं," ती म्हणाली. "पण मला वेळ लागतो ना जेवायला. कोणी थांबायचं नाही. सगळे उठून जायचे. मग मी एकटीच."

एवढंच बोलून तिनं पुढचा घास घेतला. आई ताटातल्या करपलेल्या तुकड्याकडे बघत राहिली.

तक्रारसाहेबांचं ताट रिकामं झालं होतं. पोट तुडुंब भरलं होतं आणि मिठानं जीभ सोलवटली होती. त्यांनी हात लांब करून तव्यावरचं आणखी दोन चमचे वाढून घेतलं, बायकोच्याही ताटात घातलं, आणि मुलीकडे न बघता, अगदी बारीक बारीक घास करून खायला सुरुवात केली.